पर्यावरण खातं, मोठा शिशू

जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. म्हणजे ज्या दिवशी शिशुवर्गाला निसर्गाची गोडी लावायची, त्या दिवशी शिशुवर्गाला कुलूप असतं आणि शिशू मामाच्या गावाला असतो. यात शिशूचा काही दोष नाही. १९७२ साली संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणावरची परिषद स्टॉकहोममध्ये ५ जूनला सुरू झाली, म्हणून ही तारीख जगाच्या गळ्यात पडली. त्या दिवसांत स्टॉकहोमची हवा मोठी छान असते म्हणतात. त्याच १९७२ साली बीड जिल्ह्यात माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती आणि सुकडीवर दिवस काढत होती. तारखेबाबत त्यांचं मत कुणी मागवलं नाही. मागवलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की बाबांनो, आमच्याकडे ५ जूनला पाऊस नसतो, पावसाची बातमी असते. मोसमी वारे मराठवाड्यात पोचायला दहा-पंधरा तारीख उजाडते, आणि पोचले तरी पंचाहत्तर-शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी खातंच दरवर्षी बजावतं. जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी ज्या तारखेला सोयाबीनचा दाणा मातीत टाकायची हिंमत करत नाही, त्या तारखेला रोप लावायची हिंमत फक्त कार्यक्रमपत्रिकेला असते.

कार्यक्रम मग अंगणवाडीत होतो, कारण ती बिचारी उघडी असते. एकात्मिक बालविकास योजनेत वर्षाचे ३०० दिवस पोरांना आहार द्यायचा असतो, तेव्हा लांबलचक सुट्टीची चैन तिला परवडत नाही. खड्डा कुणीतरी सकाळीच खणून ठेवलेला असतो. रोप एक, त्याला लागलेले हात चौदा, आणि सगळ्यांच्या पुढे, चेहऱ्यावर ऊन पडेल अशा बेतानं उभं केलेलं चार वर्षांचं एक पोर. फोटोत ते झाड लावताना दिसतं. प्रत्यक्षात त्याला झाड दिसत नसतं; त्याच्या उंचीवरून फक्त पॅन्टींचे खिसे दिसतात. फोटो झाला की रोपाला एवढं पाणी घालतात की त्या दिवशी ते बुडतं आणि उरलेलं वर्ष तहानेनं वाळतं. महाराष्ट्रानं २०१६ साली २ कोटी झाडांपासून सुरुवात केली आणि २०१९ पर्यंत संकल्प ३३ कोटींवर नेला. आकडे वाढत गेले, खड्डे तेच राहिले, असं काही लोक बोलतात. बोलोत. खड्डा पुन्हा वापरणं हेही पर्यावरणाला धरूनच आहे.

हसण्यावारी नेलं तरी या फोटोत एक विचार दडलेला आहे आणि या लेखाचं भांडण त्याच्याशी आहे. लहान मुलांना पर्यावरण शिकवणं आपल्याला जमत नाही, याचं कारण मुलं लहान आहेत हे नव्हे. मुलं शिकतात, आणि शिकलेलं लागलीच अमलात आणायला निघतात, याची आपल्याला धास्ती आहे. म्हणून आपण त्यांना मोजून-मापून तेवढंच पर्यावरण शिकवतो, जेवढ्याचा मोठ्या माणसांना उपद्रव होणार नाही. फोटोला उभं राहणं, घोषणा देणं, गोष्टीतल्या चिमणीची कीव करणं, यात कुणाचं काही अडत नाही. अडायला लागलं की तो विषय आपोआप अभ्यासक्रमाबाहेर जातो.

कायद्याची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करू. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २२ नोव्हेंबर १९९१ रोजी शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितलं. पुढे २००३ साली न्यायालयाला त्याच गोष्टीची पुन्हा आठवण करून द्यावी लागली, यावरून अंमलबजावणीचा वेग समजतो. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान आहे. त्यात पंचमहाभूतं आहेत, गुण आहेत, बक्षिसं आहेत आणि हरित शपथही आहे. शपथ हा आपल्याकडचा फार स्वस्त आणि पूर्णपणे प्रदूषणमुक्त प्रकार. बालवाडीत तो विशेष खुलतो, कारण मुलं शपथ ओरडून घेतात. तीस मुलांनी एका सुरात ‘मी पाण्याचा अपव्यय करणार नाही’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आजवर ज्यांनी केला ते हेच होते काय!

शपथेनंतर वेशभूषा. झाड झालेल्या मुलाला हिरव्या कार्डपेपरची पानं सेफ्टी पिनांनी टोचतात, खोड म्हणून पोटाला पुठ्ठा गुंडाळतात, आणि डोक्यावर फांदीच्या जागी थर्माकोल. राज्यानं २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिकच्या पिशव्यांबरोबर थर्माकोलची ताटं-वाट्या आणि सजावटही बंद केली, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठेवला. पण झाडालाच दंड कोण करणार? शेजारी दुसरं मूल पृथ्वी होऊन उभं असतं, त्याला ताप आलेला दाखवायचा असतो. बीडच्या हवेत तो वेगळा दाखवावा लागत नाही. भिंतीवर तक्ता असतो, त्यात बर्फाच्या तुकड्यावर एकटं पडलेलं पांढरं अस्वल. ज्या मुलानं बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिला, त्याला ते अस्वल काला-खट्टा मागायला बसलंय असं वाटलं तर त्याचं काही चुकलं नाही. तक्त्यांचं जग असंच निराळं असतं. बीड शहरात रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला. बालवाडीच्या भिंतीवर ती कित्येक वर्षं आधीच येऊन धूर सोडत उभी होती.

अस्वलाची दया शिकवायला सोपी, कारण अस्वल बीडला येत नाही. जे येतात त्यांच्याबाबत काय शिकवायचं, हा खरा प्रश्न. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातलं लवूळ हे गाव सगळ्या जगाच्या बातम्यांत झळकलं. वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेत होती, आणि वरून पडून किंवा उपाशी राहून पिल्लं मरत होती. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी त्याला सूडाची कथा करून टाकलं, मेलेल्या कुत्र्यांचा आकडा अडीचशेवर नेला; जाणकारांना ना तो आकडा पटला ना सूड. शेवटी वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली. आता लवूळच्या अंगणवाडीत ‘प्राण्यांवर प्रेम करा’ हा धडा घ्यायचा आहे. कुठल्या प्राण्यावर? मुलानं हा प्रश्न विचारला तर तो तक्त्यात नाही. त्याला खरं उत्तर द्यायचं तर सांगावं लागेल की वानराला माया-द्वेष कळतो तो आपल्यासारखा नव्हे, त्याच्या राहण्याच्या जागेत काय बदललं ते पाहावं लागेल, त्याला पोळी टाकणारे आपणच आणि त्याच्यामागे दगड घेऊन धावणारेही आपणच. एवढं समजून घ्यायला पाच वर्षांचं मूल तयार असतं. आपण नसतो, म्हणून टोपीवाल्याची गोष्ट सांगून वेळ मारून नेतो.

मुलं घरात काय करू शकतात, याचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात शाळेतल्या मुलांना हवामानबदल शिकवला आणि नंतर आईबापांची मतं तपासली. २०१९ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला. मुलांमुळे पालकांची काळजी वाढली होती. मुलींचं बोलणं अधिक लागू पडलं होतं, आणि सर्वांत जास्त हलले होते ते बाप आणि जुन्या वळणाच्या मतांचे पालक. ही मुलं दहा-चौदा वर्षांची होती, आपली चार-पाचची, हा फरक आहेच. पण तो फरक आपल्या गैरसोयीचा आहे. चौदाव्या वर्षी मुलाला भीड असते. पाचव्या वर्षी नसते. ते पाहुण्यांसमोर बोलतं.

समजा शाळेनं खरंच शिकवलं की कचरा रस्त्यावर टाकायचा नाही, ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. पोर घरी येतं, वडिलांनी दुचाकीवरून भिरकावलेली गुटख्याची पुडी उचलतं आणि विचारतं, ही कशात टाकू? गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे. जी वस्तू राज्यात अस्तित्वातच नाही, तिची रिकामी पुडी ओल्यात टाकायची की सुक्यात, हे केंद्राच्या घनकचरा नियमांतही सापडायचं नाही. बरं, शाळेनं सांगितल्याप्रमाणे पोरानं दोन डबे भरले, तर घंटागाडी येते आणि ओला-सुका दोघांचा पुन्हा संसार मांडून देते. हे पोर रोज बघतं. मग ते शाळेत ‘कचऱ्याचे वर्गीकरण’ म्हणतं आणि मनात मोठ्यांचं वर्गीकरण करून ठेवतं.

पाण्याचं तर विचारूच नका. दात घासताना नळ चालू ठेवू नये, हा शिशुवर्गाचा लाडका धडा. जिथे नळाला पाणी आठवडा-आठवडा येत नाही, तिथे नळ चालू ठेवून दात घासायचे तर ती ऐपत आणायची कुठून? बीडचं मूल तांब्यात तोंड धुतं, कारण तांब्याच आहे. मांजरा नदी उगम पावते बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात; तिच्यावरचं धरण केज तालुक्यात धनेगावला. ते आटलं तेव्हा, एप्रिल २०१६ मध्ये, त्यावर अवलंबून असलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्यावाचून बंद ठेवायची वेळ आली होती. आणि २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा-बिंदुसरेनं काठ सोडले तेव्हा हेच पाणी मातीसकट पिकं घेऊन गेलं. हे सगळं पाहिलेल्या पोराला पाण्याचं मोल शिकवायला जाणारी व्यक्ती धाडसी म्हटली पाहिजे. राज्याचा २००९ चा भूजल कायदा म्हणतो की ६० मीटरपेक्षा खोल, म्हणजे सुमारे दोनशे फुटांखाली, सिंचनाला किंवा उद्योगाला बोअर घेऊ नये. पारावर बसून ऐकावं तर आठशे-हजार फुटांखालचे आकडे कानावर येतात, तेही अभिमानानं. बोअर लागला की पेढे वाटतात. पेढा खाणाऱ्या पोराला जर दोनशे आणि आठशे यांतलं मोठं काय, एवढं कुणी शिकवलं, तर पर्यावरण राहू द्या, गणितही धोक्याचं ठरेल.

इथे एक रास्त आक्षेप येतो. मुलं फार लहान आहेत, खेळू द्या त्यांना, जगाची चिंता एवढ्यात कशाला? चिंतेपुरता हा आक्षेप बिनशर्त मान्य. चार वर्षांच्या मुलाला पृथ्वी संपणार असल्याचं सांगणं हा क्रूरपणा आहे, आणि ते सांगून पुन्हा चित्र रंगवायला लावणं हा त्याहून मोठा. पण चिंता वेगळी आणि निगा वेगळी, आणि निगेला हे वय लहान पडत नाही. बालवाडीची कल्पना ज्यानं जगाला दिली, त्या फ्रेडरिक फ्रोबेलनं जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग गावी १८३७ साली सुरुवात केली. तरुणपणी त्यानं वनखात्याच्या कामाची उमेदवारी केली होती. त्याच्या बालवाडीत प्रत्येक मुलाला जमिनीचा स्वतःचा लहानसा वाफा असे, आणि शिवाय सगळ्यांचा मिळून एक. सरकारला हे कसं झेपलं? झेपलं नाही. १८५१ साली प्रशियानं बालवाड्यांवर बंदी घातली. कारण असं की फ्रोबेलचा पुतण्या कार्ल यानं एक जहाल पुस्तिका लिहिली होती, आणि मंत्र्यानं काका-पुतण्यांत गल्लत केली. पुतण्याच्या राजकारणापायी काकाचं दुकान बंद व्हावं, यात काय विशेष, असं बीडचा वाचक म्हणेल. त्याला हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही. बंदी उठायला १८६० उजाडलं, तोवर काका वारले होते.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे काम बोर्डीत १९४५ मध्ये सुरू केलं आणि पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. परदेशी बनावटीची महाग शैक्षणिक साधनं आदिवासी पाड्यांवर परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं केली. मुलं वाडीत येईनात तर वाडी पाड्यावर, कुणाच्या तरी अंगणात नेली. गुरं राखणारी मुलं अंगणातही मिळेनात तर शाळा कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. पर्यावरण असा स्वतंत्र तास त्यांनी ठेवला नाही, कारण दुसरं काही ठेवायला जागाच नव्हती. मोजायला बिया असल्या की बी कुठल्या झाडाची हे कळतंच. आपण आज मोजायला प्लॅस्टिकचे मणी देतो आणि मग झाडांचा तक्ता लावतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बीड हा गरीब, दुष्काळी, ऊसतोडीचा जिल्हा. इथे पोटाचं बघायचं की पर्यावरणाचं? असं विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर पर्यावरण म्हणजे बंगल्यापुढची हिरवळ असते. इथल्या पोराच्या दृष्टीनं ते म्हणजे हंडा, शेळी, सरपण आणि रस्त्यावरची राख. तरीही आक्षेपात एक खरी गोष्ट आहे आणि ती पर्यावरण शिकवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाच्या उचलीला बांधलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. जाणारी माणसं काही लाख आहेत. शाळेच्या वयाची भावंडं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहू शकतात. अंगणवाडीच्या वयाचं पोर आईला सोडून राहत नाही, ते कोयत्याबरोबर फडावर जातं. आता पाहा. जुलैत त्या पोराच्या नावानं अंगणवाडीपुढे एक झाड दत्तक दिलं. पावसाळाभर झाडाला कुणाची गरज नव्हती, तेव्हा पालक हजर होता. झाडाला पाणी लागायला सुरुवात होते त्या सुमाराला पालकच परगावी निघून जातो, आणि परत येतो मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे पाण्याची बादलीच कुणी देऊ शकणार नाही अशा वेळी. मुलाच्या आणि झाडाच्या वेळापत्रकाचा मेळ बसत नाही हे कुणाच्याही ध्यानात यावं. योजना ज्या टेबलावर आखली जाते तिथून ऊस दिसत नसावा. झाड वाळलं की मात्र ठपका येतो: या लोकांना आस्थाच नाही.

आस्थेबद्दलही जरा हिशेब करू. फडावरचं पाच वर्षांचं पोर कोपीत राहतं, वाढं-बांबू-ताडपत्रीच्या. दोन वर्षांच्या भावाला सांभाळतं. साडीचा पाळणा, मग साडीची चौघडी, मग चिंधी, मग पोतेरं, असा कपड्याचा प्रवास त्याच्या डोळ्यांपुढे होतो. हा सगळा ‘पुनर्वापर’ शहरात पैसे भरून कार्यशाळेत शिकवतात. म्हणून या जगण्याला निसर्गस्नेही म्हणून मिठी मारू नका. ती टंचाई आहे, तिच्यात कौतुक करण्यासारखं काही नाही, आणि त्या पोराला शाळा, दूध आणि कोरडी झोपायची जागा मिळाली पाहिजे. पण ज्याच्या वाट्याला पृथ्वीतलं सगळ्यांत कमी आलं, त्यालाच ‘पृथ्वी वाचव’ म्हणून सांगायचं हा विनोद आपल्या लक्षात तरी यावा. त्याला शिकवायचंच असेल तर फडावरही शिकवण्यासारखं पुष्कळ आहे. ऊस तोडल्यावर मागे पडणारं पाचट पेटवायचं नसतं, ते कुजून माती होतं, हे पोराला ओंजळभर पाचट ओलं करून खड्ड्यात ठेवलं तर दिसेल. पण तिथे त्याला भेटायला कोसबाडसारखं कुणीतरी फडापर्यंत जावं लागेल.

एक आक्षेप अंगणवाडीताईंचा आहे आणि त्याला उत्तर द्यायला मला जड जातं. त्यांच्याकडे वजन-उंची, आहार, लसीकरणाची आठवण, सर्वेक्षणं, रजिस्टरं आणि वर पोषण ट्रॅकर. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या अंगणवाडी कर्मचारी संपावर गेल्या होत्या त्या हौसेनं नव्हे. त्यांच्या गळ्यात आणखी एक ‘पर्यावरण उपक्रम’ आणि त्याचे चार फोटो अपलोड करायचं काम घालणं हा अन्याय आहे. म्हणून उपक्रम नकोच. पोरं जेवणाआधी हात धुतातच. ते पाणी मोरीत जाण्याऐवजी एखाद्या आळ्यात जाऊ द्या. खरकटं कुठल्या कोंबडीला जातं ते पोरांना ठाऊक असतंच, त्यांच्या हातानं जाऊ द्या. वाढदिवसाला चाळीस वेष्टनांतली चाळीस चॉकलेटं येतात, त्याऐवजी शेंगदाण्याचे लाडू आले तर ताईंचं काम वाढत नाही, केरातली वेष्टनं तेवढी कमी होतात. आणि झाडाचा फोटो हवाच असेल तर तो एप्रिलमध्ये मागवा. त्या एका अटीनं राज्यातले निम्मे कार्यक्रम आपोआप बंद पडतील आणि उरलेली झाडं जगतील.

राहता राहिला इंग्रजी माध्यमाच्या पालकांचा आक्षेप: आम्ही फी भरतो ती पोराला मातीत खेळवायला नव्हे. त्यांचं पोर ए फॉर ॲपल म्हणतं. सफरचंद बीडमध्ये पिकत नाही, ते ट्रकनं येतं, अंगावर मेण आणि स्टिकर घेऊन. बालाघाटच्या डोंगरउतारावर आपोआप येतं ते सीताफळ, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा पालकांच्या समाधानासाठी सी फॉर कस्टर्ड ॲपल म्हणू. उच्चार अवघड आहे, म्हणजे फी वसूल.

सीताफळाची बाजू मी इतकी घेतोय याला कारणं आहेत. बीडला पालवणच्या डोंगरावर, सह्याद्री देवराईत, अभिनेते सयाजी शिंदे आणि मंडळींनी फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरवलं आणि अध्यक्षपदी वडाच्या झाडाला बसवलं. अध्यक्ष बोलले नाहीत, वेळ पाळली, मानधन घेतलं नाही. मराठी संमेलनांच्या इतिहासात असा अध्यक्ष झाला नाही. वडाचा मान मोठाच. पण शिशुवर्गासाठी वड फार मोठा पडतो. लावणाऱ्याच्या नातवाला सावली, हे चार वर्षांच्या मुलाला सांगून उपयोग नाही. त्याला नातू नसतो. सीताफळ तीन-चार वर्षांत फळ देतं, म्हणजे अंगणवाडीत लावलेलं दुसरी-तिसरीत खाता येतं. कमी पाण्यावर, खडकाळ जमिनीत तग धरतं. उन्हाळ्यात पानं गाळून मुकाट उभं राहतं, त्यामुळे मे महिन्यात कुणी बादली आणली नाही तर लगेच जीव सोडत नाही. आणि सगळ्यांत मोठा गुण म्हणजे शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही. बीड जिल्ह्यात आजवर जेवढी रोपं गेली त्यांतली किती दुष्काळानं नेली आणि किती शेळीनं, याचा पंचनामा झाला तर शेळीचं पारडं हलकं भरणार नाही. काटेरी कुंपण, लोखंडी जाळी, जाळीवर दात्याचं नाव, हा सगळा खर्च सीताफळाला लागत नाही. दात्यांना ते कदाचित याचसाठी नापसंत असेल.

शिवाय या झाडाचं वेळापत्रक टोळीच्या वेळापत्रकाशी जुळतं. फळ येतं सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे गाड्या निघण्याच्या आगेमागे. पोरं फळ खातात आणि बिया थुंकतात, हे शिकवावं लागत नाही. थुंकलेल्या बिया गोळा करून धुवायच्या, सावलीत वाळवायच्या आणि डब्यात भरून ठेवायच्या. हिवाळा-उन्हाळा पोर फडावर असतं, तेव्हा बी डब्यात असतं, त्याला पाणी लागत नाही, निगा लागत नाही, फोटो लागत नाही. पोर गावी परततं, चांगला पाऊस होतो, आणि मग काठीनं टोकरून बी मातीत जातं, अंगणवाडीमागे, बांधावर, डोंगराच्या उताराला. तीसपैकी दहा उगवल्या तरी पुष्कळ. कुठली कुणाची हे कळणार नाही, म्हणून भांडणंही होणार नाहीत.

तेव्हा येत्या दिवाळीच्या आधी आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीला एक झाकणाचा डबा आणि टोपलीभर सीताफळं पोचती करा. पोरांना एवढंच बजावा की बी चावायचं नाही. ते विषारी असतं, त्याची पूड उवा मारायला वापरतात, आणि ती डोळ्यांत गेली तर डोळ्यांना इजा होते.